राणीच्या मागे उभी असलेली बाई

मी बरी झाले, हे आधीच सांगून टाकते. आजारपणावर कोणी काही लिहिलेलं हाती आलं की मीही आधी शेवटचं पान उघडून बघायचे, ही बाई जगली की नाही ते. तर मी जगले. माझी थोरली जाऊ, सुनीता वहिनी, गेली. माझ्या उपचारांचे दहा महिने जी माझ्याशेजारी बसून होती, तिच्या छातीत माझ्यासारखीच गाठ आली होती आणि पाच महिने तिनं ती कोणाला सांगितली नाही. वेळीच सांगितलं असतं तर कदाचित ती आज असती. हे लिहिते आहे ते उपचार घेणाऱ्यांसाठी थोडं, आणि त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांसाठी जास्त.

माझं नाव वैशाली. वय पंचेचाळीस. राहते भांडुपला, मुलुंडच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. शाळेत माझ्या आवाजाला शिक्षकसुद्धा वचकून असतात. तो आवाज मी घरीही आणते, असं माझा नवरा महेश म्हणतो, आणि ते खरं आहे.

रिपोर्टचा दिवस

डॉक्टरीण तरुण होती. बोलताना पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. तिनं सांगितलं ते मला पहिल्याच वाक्यात कळलं. महेशला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्यानं तीनदा विचारलं, "म्हणजे नक्की ना?" तिसऱ्यांदा मला त्याचा असा राग आला की दोन मिनिटं मी आजार विसरले. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की हेल्मेट तिच्याच टेबलावर राहिलं. तो परत गेला आणि मी पायऱ्यांवर उभी राहिले. डोक्यात एकच विचार चालू होता, दहावीच्या मुलांचे फॉर्म आता कोण तपासणार. माणूस असा काहीही विचार करतं. तुमच्याही मनात त्या दिवशी असलंच काही आलं असेल तर लाजू नका.

घरी आलो तेव्हा वहिनी बांगडे तळत होती. ती समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. भावोजी जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगी सायली लग्न होऊन मालाडला गेली होती. सकाळी पोळीभाजी केंद्रात पाळी करायची आणि दुपारी दीडला आमच्याकडे. आमची तोंडं बघून तिनं गॅस बंद केला, हात धुतले, पदराला पुसले. रडली नाही. "आता जावचा कधी?" एवढंच तिनं विचारलं. ती कणकवलीकडची, मन हललं की तोंडात मालवणीच यायची.

मी तिला लग्नानंतर वीस वर्षं 'तुम्ही' म्हणत होते. पहिल्या केमोनंतर उलटीच्या भांड्यापाशी ते 'तुम्ही' कुठे गेलं कळलंच नाही.

महाराज, हमें क्षमा करें

केमोच्या दिवसांत वेळ खूप असतो आणि तो घालवायचा कसा हे कोणी सांगत नाही. पुस्तकातली अक्षरं हलतात. बातम्या नकोशा होतात. मराठी मालिकांमध्ये कोणी ना कोणी हॉस्पिटलात असतंच. सायली एका रविवारी आली आणि तिनं टीव्हीवर एक कोरियन मालिका लावून दिली. जुना काळ, राजवाडा, राजा, राणी, हिंदीत डब केलेली. नाव आम्हांला दोघींना शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. 'राणी लाव' म्हटलं की झालं.

गोष्ट सरळ होती. गरीब सरदाराची मुलगी राजवाड्यात सून म्हणून येते. राजा तिच्यावर जीव टाकतो पण सासू, म्हणजे राजमाता, तिला टिकू देत नाही. एकमेकांना भेटायला दोघांना पन्नास भिंती ओलांडाव्या लागतात. काळी जाळीदार टोपी घातलेला तो नाजूक राजा गुडघ्यावर बसून 'हमें क्षमा करें, प्रिये' म्हणायचा तेव्हा आम्ही दोघी हसून लोळायचो. आणि दोन मिनिटांनी त्याच राजासाठी डोळे पुसायचो. लाज वाटण्यासारखं आहे, पण आहे.

आमचा नियम होता, एकटीनं बघायचं नाही. केमोनंतरचे आठ दिवस मला आवाज सहन व्हायचा नाही, तेव्हा राणीही बंद. त्यामुळे साठ भागांची ती मालिका आम्हांला दहा महिने पुरून उरली.

मी राणीकडे बघायचे. वहिनी कधीच नाही. तिचं लक्ष मागे. राणी जेवायला बसली की वहिनी म्हणायची, "एवढ्यो वाट्यो! भांडी कोण घासता?" राणी बर्फातून चालली की मागून चालणाऱ्या दासींच्या पायांत काय आहे ते बघायची. राणीची एक जुनी दासी होती, माहेरून आलेली, पन्नाशीची. हिरवा झगा, हात पोटाशी बांधलेले, प्रत्येक प्रसंगात राणीच्या डाव्या खांद्यामागे उभी. तिला फारसे संवादच नव्हते. वहिनीनं तिला हेरली होती. "बघ, आज पण बसाक नाय मेळला बिचारीक." मी म्हणायचे, "अगं, तिकडे राजा मरायला टेकलाय आणि तू बाईच्या बसण्याचं काय घेऊन बसलीस?"

माझे केस गेले तेव्हा मी आरशावर टॉवेल टाकला होता. वहिनीनं तो काढला नाही, त्यावर बोललीही नाही. पण त्या आठवड्यात मालिकेत राणीच्या डोक्यावरचा तो मोठा, वेण्यांचा डोंगर उतरवताना दाखवला. दोन दासींनी मिळून उचलला. खाली तिचे केस एवढेसे.

"टोप आसा तो," वहिनी म्हणाली. "राणीचे केससुद्धा विकतचेच गो."

मी खूप दिवसांनी मनापासून हसले. टॉवेल दुसऱ्या दिवशी मीच काढला.

जिभेवर लोखंड

औषधांनी जिभेची चव जाते. मला सगळ्याला लोखंड लागायचं, पेजेला, पाण्याला, दुधाला. मी वहिनीवर ओरडायचे की तू मीठ घालत नाहीस, मग ओरडायचे की खारट केलंस. मालिकेत राजाचं जेवण आधी चाखणारी एक बाई असते, विष आहे का बघायला. वहिनीनं ते काम उचललं. ताट आणलं की समोर उभी राहून प्रत्येक वाटीतलं बोटभर चाखायची आणि गंभीर चेहऱ्यानं जाहीर करायची, "विष नाही. मीठ बरोबर आहे. महाराणींनी खावं." मी खायचे. तिच्या जिभेवर विश्वास ठेवून खायचे. आजही कोणाला सांगायची वेळ आली तर हेच सांगेन, जेवणाला चव लागत नसेल तर कोणाला तरी समोर बसवून आधी खायला लावा.

डे-केअर वॉर्डमध्ये एक नर्स होती, शांत, बारीक आवाजाची. सुई लावायच्या आधी विचारायची, "राणीला बाळ झालं का?" मी सांगायला लागायचे आणि तेवढ्यात तिचं काम झालेलं असायचं.

आणि महेश. महेशला माझ्या खोलीत पाच मिनिटं बसवत नसे. त्यानं त्या दिवसांत घरातले सगळे पंखे पुसले, नळ बदलले, जे दरवाजे करकरत नव्हते त्यांनाही तेल घातलं. मालिका तो दारात उभा राहून बघायचा, हातात पाना. मी एकदा त्याला बोलले, "नवरा आहेस की प्लंबर?" तो बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. तो रडत होता हे मला कळत होतं. पण मी त्याला हाक मारली नाही. माझ्याकडे तेवढी दया शिल्लक नव्हती.

वहिनीशीही मी वाईट वागले. मे महिन्यानंतर ती दुपारी कधी कधी माझ्याच पलंगाच्या कडेला आडवी व्हायची. एकदा मला पाणी हवं होतं आणि तिला डुलकी लागली होती. मी म्हटलं, "आता तूपण झोपणार? मग आजारी कोण आहे इथे?" ती उठली, पाणी दिलं, म्हणाली, "माका काय धाड भरली हा?" हे वाक्य मला रोज ऐकू येतं.

दासीचा भाग

जूनमध्ये आम्ही तो भाग बघितला. राजमाता वैद्याला फितवून राणीच्या काढ्यात विष घालते. जुन्या दासीला ते कळतं. सांगायला जागा नाही, वेळ नाही, तिचं ऐकणार कोण. ती काढ्याचा वाडगा उचलते आणि राणीसमोर स्वतः पिऊन टाकते. पहिल्यांदाच ती राणीच्या पुढ्यात बसलेली दिसते.

मी चिडले. "काहीही दाखवतात. वाडगा सांडायचा ना. ओतून द्यायचा. प्यायला कशाला पाहिजे? असं कोण करतं?"

वहिनी उठली. ती स्वयंपाकघरात गेली, कुकर लावला, परत आली.

"तिला दुसरं काय करता येत होतं?" ती म्हणाली. अगदी शुद्ध मराठीत, हळू.

तेव्हा तिच्या गाठीला महिना झाला होता.

ऑक्टोबर

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, त्या महिन्यांत राणी बंदच राहिली. शेवटचं स्कॅन स्वच्छ आलं. महेशनं पेढे आणले आणि सगळ्या बिल्डिंगला वाटले. दुसऱ्या दिवशी वहिनी नेहमीच्या वेळेला आली, पण टीव्हीचा रिमोट उचलला नाही. तिनं खोलीचं दार लावून घेतलं, ब्लाउजची दोन बटणं सोडली, माझा हात धरला आणि आत नेला.

"आता माझा बघ," ती म्हणाली.

मला वेगळं सांगायची गरज नव्हती. माझ्या हाताला ती गाठ ओळखीची होती, फक्त माझ्यापेक्षा खूप मोठी.

मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, मेपासून. मी तिला शिव्या दिल्या. खरंच दिल्या, शाळेतल्या शिपायालाही कधी दिल्या नसतील तशा. दहा महिने हॉस्पिटलच्या पायऱ्या चढणारी बाई, गाठ म्हणजे काय हे डॉक्टरांइतकं ऐकलेली बाई, आणि पाच महिने गप्प? ती सगळं ऐकून घेत होती. मग सांगायला लागली.

मार्चमध्ये शिमग्याला ती चार दिवस गावी गेली होती. आमच्याकडे सणाला देवळासमोर गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी उभा राहून सगळ्यांच्या वतीनं देवाला सांगतो, कोणाच्या घरी काय अडलंय, कोणाला काय हवंय, आणि प्रत्येक वाक्याला जमलेलं गाव एका सुरात म्हणतं, "व्हय म्हाराजा". वहिनीनं माझ्यासाठी गाऱ्हाणं घालायला सांगितलं. मानकऱ्यानं घातलं, की मुंबईच्या सुनेचं दुखणं दूर कर. आणि गाव 'व्हय म्हाराजा' म्हणणार त्याच्या आधीच्या क्षणाला वहिनीनं मनातल्या मनात आपलं एक वाक्य जोडलं. तिचं दुखणं माझ्यावर घाल. माझं आता कोणाला अडत नाही.

आणि सगळं गाव म्हणालं, व्हय म्हाराजा.

"मी एकटी नाय बोललंय गो," ती मला समजावून सांगत होती, जणू मला गाऱ्हाण्याचे नियम माहीत नव्हते. "सगळ्या गावान म्हटल्यान. मगे मे महिन्यात हाताक गाठ लागली. माका भीती नाय वाटली. म्हटलां, देवान आयकल्यान. वैशूचा सुटला."

"मग डॉक्टरकडे का नाही आलीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं ते मी लहान असल्यासारखं. "औषध घेतलां आणि ता दुखणा तुझ्याकडे परत गेला तर?"

म्हणून ती माझ्या स्कॅनची वाट बघत थांबली होती. एक एक महिना मोजत. माझ्यासाठी पेज चाखत, राणीच्या दासीवर बोलत. मधल्या पाच महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, वहिनी, तू बरी आहेस ना?

तिला अडाणी वगैरे काही म्हणू नका. तिला माहीत होतं की हा वेडेपणा असू शकतो. "नव्वद टक्के वेडेपणाच," ती स्वतः म्हणाली. पण उरलेल्या दहा टक्क्यांवर तिला माझा जीव पणाला लावायचा नव्हता.

नंतरची राणी

डॉक्टरांनी बघितलं तेव्हा गाठ हाडांपर्यंत पोचली होती. त्याच खुर्च्या, तोच वॉर्ड, तीच नर्स. तिनं वहिनीला सुई लावताना राणीचं विचारलं नाही. आम्हांला बघून तिचा चेहरा पडला आणि ती उगाच पट्टी शोधत राहिली.

राहिलेले भाग आम्ही वहिनीच्या पलंगावर बसून बघितले. दासी गेल्यावर राणी एक भाग पांढरे कपडे घालते, रडते. तिच्या पुढच्या भागात राजा तिला नावेतून फिरवतो. मग वीस भागांत दासीचं नाव एकदाच येतं, तेही राजमातेवरच्या आरोपांच्या यादीत. मी बघत होते आणि राणीला मोठ्यानं नावं ठेवत होते. वहिनीला मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. तिला फक्त राजा-राणीचं पुढे काय होतं याची काळजी. शेवटच्या भागात तिचा मध्येच डोळा लागला. जागी झाली तेव्हा विचारलं, "मिळाली दोघं?"

"मिळाली."

"मगे बरा झाला."

मी त्या राणीचा तेव्हा इतका तिरस्कार केला की टीव्ही बंद करताना रिमोट जमिनीवर पडला. फेकला म्हटलं तरी चालेल.

महेश तिच्या खोलीत बसायचा. पाना न घेता, तासन् तास, तिचे पाय दाबत. एकदा मला म्हणाला, "तुझ्या वेळी मला हे जमलं नाही गं." मी म्हटलं, "आता जमतंय ना." त्याच्यावरचा माझा राग तिथे संपला.

शिमगा

मार्च आला. वहिनी तेव्हा उठून बसायची, पण चालवत नव्हतं. मी महेशला म्हटलं, मला गावी जायचंय. आयुष्यात मी कधी देवळात स्वतःहून पाऊल ठेवलेलं नाही. शाळेत मुलांच्या दंडातले गंडेदोरे बघून टोमणे मारणारी मी. पण मी ठरवलं होतं. वहिनीनं जसं मागितलं तसंच परत करायचं. माझं मला दे. तिच्यावरचं काढून परत माझ्यावर घाल. विश्वास नसला तरी हिशेब सरळ होता, एवढं तरी मी तिच्यासाठी करायला हवं होतं.

देवळासमोर माणसं उभी होती, दोनेकशे तरी. मानकरी म्हातारा, त्यानं वहिनीचं नाव घेतलं. सुनीताचं दुखणं दूर कर, तिला हातीपायी धड कर. मी हात जोडून उभी होते. पुढचं वाक्य मला मनात म्हणायचं होतं, फक्त मनात, कोणाला ऐकूही जाणार नव्हतं. पाच शब्द. माझं मला परत दे, देवा.

मला माझे नुकते उगवलेले केस आठवले. सकाळच्या चहाची परत आलेली चव आठवली. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही कुठे जायचं ठरवलं होतं ते आठवलं. जिच्यावर माझा कवडीचाही विश्वास नाही अशा गोष्टीला मी घाबरले. गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा." आणि माझं वाक्य म्हणायचं राहून गेलं. राहून गेलं असं लिहिणंही खोटं आहे. मी ते म्हटलं नाही.

भांडुपला परत आले तेव्हा वहिनी उशीला टेकून बसली होती. मी पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या, तिनं हाक मारली. तिचा चेहरा मी दहा महिन्यांच्या माझ्या आजारात कधी बघितला नव्हता एवढा घाबरलेला होता.

"काय मागलंस?"

"तुला बरं कर म्हटलं."

"तेवढाच?"

"तेवढंच."

"तुझ्या स्वतःचा काय नाय ना जोडलंस? खरा सांग. माझी शपथ."

"नाही, वहिनी. तुझी शपथ."

तिनं डोळे मिटले. मी गावाला निघाल्यापासून धरून ठेवलेला श्वास तिनं सोडला असावा, एवढा मोठा तो श्वास होता. मग तिनं माझा हात ओढून आपल्या गालाला लावला.

"बरा केलंस गो," ती म्हणाली. "माका तीच भीती होती."

त्यानंतर ती सव्वा महिना होती. तिला वाटत राहिलं, वैशू शहाणी, तिनं माझं ऐकलं. मी तिला कधीच सांगितलं नाही की मी घाबरले होते.